माझं निळं टोक

मी एक पेन्सिल आहे आणि मला दोन तोंडं आहेत. एवढं ऐकूनच काही जण भुवया उंचावतात, म्हणून आधीच सांगून टाकते, माझ्या पोटात काही काळंबेरं नाही. एका टोकाला लाल शिसं, दुसऱ्या टोकाला निळं आणि मध्ये कुठंतरी दोघांची गाठ. बाहेरून बघाल तर अर्धी लाल, अर्धी निळी.

माझा जन्म बंगळुराजवळच्या बोम्मसंद्र्याचा. तिथल्या एका कारखान्यात लाकडाच्या पातळ फळीत खाचा पाडतात, खाचेत शिसं बसवतात, वर दुसरी फळी चिकटवतात आणि मग यंत्र कर्रकन एकेकीच्या सहा बाजू तासून काढतं. तो आवाज आठवला तरी अजून अंगावर काटा येतो. त्यानंतर रंगाची अंघोळ आणि मग बाराजणींचं एक खोकं. अंघोळीचं नाव निघालंच आहे तर लक्षात ठेवा, पुढं माझ्या गोष्टीत अंघोळीलाच फार महत्त्व आहे.

आमचं खोकं होसूर रोडच्या गर्दीतून डुलत डुलत शहरात आलं. अकरा बहिणी कुठं कुठं गेल्या. एक सुताराच्या कानावर बसली, एक शाळेतल्या बाईंच्या पर्समध्ये गेली. मी पोचले एका पालिकेच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर, अर्थ विभागात. पालिका कुठली ते सांगत नाही. कचेरीत राहून पेन्सिलीलाही तेवढं शहाणपण येतंच.

माझे धनी पुरुषोत्तमराव. त्यांचं घराणं पाच पिढ्या बंगळुरातलं. घरात मराठी, पण तीही अशी की निम्मं वाक्य कन्नडच्या गल्लीतून फिरून येतं. दोरीला लटकवलेला चष्मा, सकाळी एक आणि दुपारी एक फिल्टर कॉफी, आणि चेहरा असा की माणूस रजा मागायला आला तर हजेरी लावून परत जावा. त्यांच्याकडे काम होतं छाटणीचं. जानेवारी लागला की रस्ते, बागा, दिवे, शाळा, आरोग्य, सगळी खाती पुढच्या वर्षाच्या मागण्या घेऊन यायची. आम्हाला एवढं द्या, तेवढं द्या. पुरुषोत्तमराव त्या वाचायचे आणि मला उचलायचे.

नियम सोपा होता. लाल म्हणजे काट. निळं म्हणजे मागितलं तेवढं, जसंच्या तसं, मंजूर.

आणि जसंच्या तसं कुणालाच मिळायचं नाही. त्यामागं एक गंमत होती. पुरुषोत्तमराव प्रत्येक मागणीतून तिसरा हिस्सा उडवतात, हे सगळ्या खात्यांना पाठ होतं. म्हणून खाती मुळातच दीडपट मागायची. बारा हवे असले की अठरा लिहायचे. पुरुषोत्तमराव अठरातले सहा उडवायचे, खात्याला बारा मिळायचे, दोन्ही बाजू खूश. खातेवाले म्हणायचे, बघा कसे मिळवले. पुरुषोत्तमराव म्हणायचे, बघा कसे वाचवले. मी टेबलावर पडल्या पडल्या मनात हसायची. सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि तरी दरवर्षी हा खेळ गंभीर चेहऱ्यानं चालायचा.

अशी चार बजेटं झाली. माझं लाल टोक झिजून झिजून बोटभर उरलं. निळं मात्र कारखान्यातून आलं तसंच, सपाट आणि चकचकीत. त्याला कुणी एकदाही तासलं नव्हतं. खरं सांगते, मला त्याचं वाईट वाटायचं. अंगात निळाई भरलेली आणि चार वर्षांत कागदाला एक ठिपका नाही. वापरून झिजण्याचं दुःख नसतं हो, न वापरता चकचकीत राहण्याचं असतं.

पाचव्या जानेवारीत शिवलीला आली.

ती आरोग्य खात्यातली नवी इंजिनियर. मूळची निपाणीकडची, घरी मराठी, शाळा कन्नड. पालिकेच्या प्रसूतिगृहांच्या इमारतींची देखभाल तिच्याकडं. दरवर्षी आरोग्य खात्याची मागणी तिचे साहेब लिहायचे, पण त्या वर्षी ते लांब रजेवर गेले आणि कागद तिच्या गळ्यात पडला. दीडपटीची रीत तिला सांगायची मात्र सगळेच विसरले. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कुणी सांगत नाही, ही कचेरीची जुनीच खोड.

मागण्यांच्या तपासणीला मोठ्या टेबलाभोवती वीसेक जण बसतात. बोलणं कन्नडमध्ये चालतं, मी तुम्हाला मराठीत सांगतेय. शिवलीलाच्या आधी देवाप्पांची पाळी झाली. हे रस्ते खात्याचे, गडगडाटी हसणारे, पोट टेबलाला टेकवून बसणारे. त्यांनी वॉर्डांच्या वेशीवर सहा स्वागत कमानी मागितल्या. पुरुषोत्तमरावांनी माझ्या लाल टोकानं दोन उडवल्या. देवाप्पांनी चेहरा पाडला, तोही अगदी सवयीनं, आणि लगेच बिस्किटाकडं हात नेला.

मग शिवलीला उभी राहिली. हातात एकच कागद. "बारा प्रसूतिगृहं आहेत सर. छतावर बसवायचे बारा सोलर बंब. उन्हावर पाणी तापतं. बाळंतिणींच्या आणि बाळांच्या अंघोळीसाठी."

पुरुषोत्तमरावांनी कागदाकडं नीट बघितलंही नाही. बाराचा तिसरा हिस्सा चार. मी खाली गेले, बारावर लाल रेघ ओढली आणि शेजारी आठ लिहिला. "पुढचे," ते म्हणाले.

शिवलीला बसली नाही. तिच्या तोंडून हळूच निघालं, "आता गं बाई!"

पुरुषोत्तमरावांचे कान टवकारले. चष्म्यावरून बघत ते मराठीतच म्हणाले, "मराठी का? छान. पण मराठी बोललीस म्हणून एक बंब जास्त मिळायचा नाही हं."

"नको की सर," ती म्हणाली. "जास्त नकोच. फक्त कुठली चार कापायची, तेवढं तुम्हीच सांगा. मला येत नाही." आणि तिनं दुसरा कागद पुढं सरकवला. त्यावर बारा प्रसूतिगृहांची नावं होती, एकाखाली एक.

आता हे असं कधी झालं नव्हतं. पुरुषोत्तमराव आकडा कापायचे, नावं कापायचं काम खात्याचं. पण वीस माणसं बघत होती. माघार घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "सरी, ठीक आहे," ते म्हणाले आणि मला पहिल्या नावावर टेकवलं. "हे कुठलं?"

"उतारावरचं सर. शेजारी बेकरी आहे. बेकरीवाला पहाटे भट्टीवर दोन डबे पाणी तापवून देतो. पैसे घेत नाही. पण रविवारी बेकरी बंद असते."

"मग रविवारी?"

"रविवारी गार."

मी जागची हलले नाही. पुरुषोत्तमरावांची बोटं माझ्याभोवती घट्ट झाली आणि मग त्यांनी मला उचलून दुसऱ्या नावावर नेलं. "आणि हे?"

"मार्केटजवळचं. समोर चहाचं हॉटेल आहे. हॉटेलवाला म्हणतो, गिऱ्हाइकालाच गरम पाणी देणार, एका चहामागं एक तांब्या. मी गेले त्या सकाळी एका बाळाच्या बापानं सात चहा घेतले होते सर. त्याचे हात थरथरत होते. मला वाटलं, बाप झाल्याच्या आनंदानं."

टेबलाभोवती हशा पिकला. देवाप्पा तर एवढे हसले की बिस्किटाचे कण माझ्या अंगावर उडाले. पुरुषोत्तमराव हसले नाहीत, पण मिशीचा एक कोपरा हलला. मी जवळून बघितलाय.

तिसऱ्या ठिकाणी पाण्यात टाकायची विजेची कांडी होती. एकदा शॉक बसला म्हणून ती कपाटात ठेवली, कपाटाची किल्ली डॉक्टरांकडं आणि डॉक्टर येणार दहाला. चौथ्या ठिकाणी एक आजी सुनेसाठी घरून स्टोव्ह घेऊन आली होती, पहारेकऱ्यानं तो बाहेर काढला, तर आजी फाटकाबाहेर फुटपाथवरच पाणी तापवत बसली. शिवलीला बाराही ठिकाणी स्वतः गेली होती, आणि तेही पहाटे. हेब्बाळला बस बदलायची, तिथं थंडीनं दात वाजायचे, तेव्हाच तिच्या डोक्यात ही मागणी शिजली होती. एका आयाबाईला तर ती शब्द देऊन बसली होती, पुढच्या थंडीत तुमच्या नळाला गरम पाणी.

एकेका नावावर मी टेकत होते आणि उचलली जात होते. लाल रंगाचे अकरा ठिपके पडले, रेघ एकही नाही.

शेवटचं नाव सगळ्यात छोट्या प्रसूतिगृहाचं. सहा खाटा, मारुतीच्या देवळामागची बैठी इमारत. इथं शिवलीला गप्प झाली.

"का? याचं काही सांगायचं नाही?"

"काय सांगू सर. महिन्याला आठच बाळंतपणं होतात तिथं." तिचा चेहरा एवढासा झाला. मला कळलं, शब्द दिला होता तो इथल्याच आयाबाईला.

पुरुषोत्तमरावांना सुटल्यासारखं झालं. निदान एक तरी कापता येईल. माझं लाल टोक नावाच्या सुरुवातीला टेकलं आणि सरकायला लागलं. मला थांबायचं होतं, पण पेन्सिलीला कुठं आलाय ब्रेक?

तेवढ्यात भागुबाई कपांचा ट्रे घेऊन शेजारी आल्या. तिसऱ्या मजल्यावरचा चहा-कॉफी त्यांच्याकडं. बावीस वर्षं त्या प्रत्येक बैठकीला हजर, आणि बावीस वर्षांत बैठकीत एक अक्षर बोललेल्या नव्हत्या. त्या दिवशी कप ठेवता ठेवता सहज म्हणाल्या, "आठजणीच आहेत म्हणून पाणी कमी गार लागतंय होय, सर?"

मी थांबले. अर्ध्या अक्षरावर. म्हणजे पुरुषोत्तमराव थांबले.

भागुबाईंना आपण बोललो हे उशिरा कळलं असावं, त्या ट्रे छातीशी धरून उभ्या राहिल्या. मग पुरुषोत्तमरावांनी शिवलीलाकडं बघितलं आणि जवळजवळ कळवळून विचारलं, "अगं, पण दीडपट का नाही मागितलंस? अठरा लिहायचे ना! सगळे लिहितात!"

"बाराच तर आहेत सर," ती गोंधळून म्हणाली. "अठरा लिहिले असते तर उरलेले सहा कुठं बसवले असते?"

वीस खात्यांची वीस माणसं आपापल्या कागदाकडं बघत होती, आणि प्रत्येक कागदात तिसरा हिस्सा फुकटचा. बागा खात्याच्या बाईंनी आपला कागद हळूच उलटा केला.

मग देवाप्पांना राहवलं नाही. आधी त्यांचं पोट हललं, मग टेबल हललं, मग ते खो खो हसत सुटले. "सर, स्वल्प ऐका! माझ्या सहा कमानींतल्या दोन तुम्ही उडवल्या. चार राहिल्या. खरं सांगू? मला लागणार होत्या तीनच. यंदा मी दुप्पट मागितल्या होत्या, म्हटलं सरांचा मूड कसा असेल कुणाला ठाऊक. ती चौथी घ्या. एका कमानीच्या खर्चात हिचे चार बंब येतील आणि वर सगळ्या बाळंतिणींना होळिगेचं, म्हणजे पुरणपोळीचं, जेवण होईल!"

मग काय विचारता! सगळी खोली हसायला लागली. चोरी पकडली गेल्यावर माणसं एवढी आनंदानं हसतात, हे मला त्या दिवशी कळलं. कुणी म्हणालं, माझे दोन दिवे घ्या. कुणी म्हणालं, माझी एक खुर्ची. पुरुषोत्तमराव चष्मा काढून डोळे पुसत होते. हसून पाणी आलं होतं की दुसऱ्या कशानं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्यांनी मला उलटं धरलं.

चार वर्षांत पहिल्यांदा माझं डोकं खाली आणि पाय वर झाले. निळं टोक कागदावर टेकलं, पण लिहिणार काय? तासलेलंच नव्हतं. शार्पनर कुणाकडं नव्हता. कपाटातलं तासायचं यंत्र गंजून बसलेलं. शेवटी भागुबाईंनी लिंबू कापायची सुरी आणली. त्या सुरीनं त्यांनी मला जपून तासलं, कांद्याची साल काढावी तसं. मला लिंबाचा वास लागला तो दोन दिवस गेला नाही.

आणि एवढं सगळं झाल्यावर पहिल्याच खुणेला माझं निळं शिसं मोडलं! सवयच नव्हती हो. लाजेनं मेल्याहून मेले. भागुबाई म्हणाल्या, "थांबा सर, घाबरलीये ती," आणि पुन्हा तासलं. मग बारा नावांपुढं बारा निळ्या खुणा झाल्या. पहिल्या दोन वाकड्या, बाकीच्या ठसठशीत. आठावर काट मारून पुरुषोत्तमरावांनी पुन्हा बारा लिहिला आणि बाजूला शेरा मारला, जसंच्या तसं मंजूर. शिवलीलानं कागद घेतला, नमस्कार केला आणि दाराबाहेर गेल्यावर तिनं मारलेली आनंदाची उडी काचेतून सगळ्यांना दिसली. मी तर टेबलावरून गडगडत खालीच पडले.

पुढच्या वर्षापासून पुरुषोत्तमरावांनी रीत बदलली. आकड्याबरोबर नावं आणायची. कमान कुठल्या वेशीवर, दिवा कुठल्या गल्लीत, बाक कुठल्या झाडाखाली. नावं लिहायची म्हटल्यावर दीडपट मागणं अवघड झालं, कारण जागच्या जागी सहा गल्ल्या नव्यानं कुठून आणणार? देवाप्पा अजूनही सवयीनं एक कमान जास्त लिहितात आणि लिहिताना स्वतःच हसतात. पण माझं निळं टोक झपाट्यानं झिजायला लागलं. एक दिवस ते लालपेक्षाही आखूड झालं. मला कधी नव्हे ते समाधान लाभलं.

मग मी एवढी आखूड झाले की पुरुषोत्तमरावांना बोटांत धरता येईना. त्या वर्षीची तपासणी संपल्यावर त्यांनी मला शिवलीलाच्या हातात ठेवलं. "टाकू नको हं. हिला एखादं चांगलं काम दे."

तिनं दिलं. आज मी मारुतीच्या देवळामागच्या त्या बैठ्या प्रसूतिगृहात राहते. न्हाणीघराच्या दाराशी खिळ्याला दोऱ्यानं बांधलेली. शेजारी कॅलेंडर. पहाटे इथल्या आयाबाई, कस्तुरी अक्का, नळ सोडतात, वाफेनं काच धुरकटते, तीन दिवसांचं बाळ आधी किंचाळतं आणि मग कोमट पाण्यात असं काही शांत होतं की बघत राहावं. अंघोळ झाली की अक्का ओल्या हातानंच मला धरतात आणि त्या तारखेच्या चौकोनात एक निळी खूण करतात. कचेरीतला मान गेला म्हणाल तर गेला. पण असा वास त्या कचेरीत कुठला? साबण, धुरी, ओला टॉवेल आणि नवं नवं बाळ.

मागच्या महिन्यात पुरुषोत्तमराव स्वतः आले होते. पाणी खरंच गरम येतं का, हे तपासायला. सवय जाते कुठं? नळाखाली बोट धरलं आणि "अय्यो!" करून केवढ्यानं ओरडले. कस्तुरी अक्का म्हणाल्या, "सर, आधी बाळंत व्हा, मग नंबर लावा." वॉर्डभर हसू फुटलं. कॅलेंडरशेजारी मला ओळखून त्यांनी दोन बोटांनी हळूच थोपटलं. एवढंच. मला पुरलं.

एक सांगायचं राहिलंच. महिन्याला आठच बाळंतपणं व्हायची ना इथं? गेल्या महिन्यात एकोणीस झाली. गरम पाण्याची बातमी बायकांत लवकर पसरते. सहा खाटा पुरेनात म्हणून आणखी चार आल्या. ज्या नावावर माझं लाल टोक सरकायला लागलं होतं, ते आता शिवलीलाच्या यादीत सगळ्यात वर असतं.

या सगळ्यात मी मात्र नखाएवढी उरलेय. तक्रार नाही. उलट तुमच्याकडं एकच मागणं आहे. तुमच्या हातात कधी दोन टोकांची पेन्सिल आली, तर दोन्ही टोकं पहिल्याच दिवशी तासा. एकाला चार वर्षं वाट बघायला लावू नका.

परवा शिवलीला पुढच्या वर्षाची यादी करायला इथं आली होती. कस्तुरी अक्कांनी सगळं सांगितलं, चादरी, टॉवेल, एक बादली, आणि शेवटी माझ्याकडं बोट दाखवून म्हणाल्या, "हिचं आता संपत आलंय गं. नवी पेन्सिल लिही."

"किती लिहू अक्का?" शिवलीलानं डोळे मिचकावले. "दीडपट?"

"दीड पेन्सिल कुठं मिळते गं? एक लिही. एकच लागते."

शिवलीलाचं पेन नेमकं गाडीत राहिलं होतं. तिनं खिळ्यावरून मला काढलं, उलटंसुलटं करून निळं टोक शोधलं आणि माझ्यानंच लिहिलं, पेन्सिल, एक.